आधीचा पत्ता

सिद्धेशचा पास सकाळी गेटवरच काढून घेतला होता, पण घरी जाऊ दिलं नव्हतं. सर्व्हर रूमच्या दाराशी स्टूल टाकून तो बसला होता.

"घरी लेकीला काय सांगू, वर्षाली?" तो म्हणाला.

नव्या डायचं, म्हणजे साच्याचं, ड्रॉइंग कुरुळीच्या एका स्पर्धक कंपनीकडे पोचलं होतं, त्यातल्या एका चुकलेल्या मापासकट. ड्रॉइंगचा सर्व्हर सांभाळायचा सिद्धेश. त्यामुळे प्लांट हेड दिग्विजय सरांना फार विचार करावा लागला नव्हता. "त्या कंपनीशी ज्याचा कसलाही संबंध निघेल तो गेटबाहेर. कुणीही असो. संध्याकाळपर्यंत दुसरं नाव आलं नाही, तर सिद्धेश, तूच."

वर्षालीला हे काही पटेना. नोकरीला लागल्यापासून तिला सगळं सिद्धेशनंच दाखवलं होतं. जुनं नेटवर्क लहान होतं. शिफ्ट बदलताना प्रत्येक मशीनला नेटवर्कवर द्यायचे आकडी पत्ते संपायचे आणि निम्मे स्कॅनर बंद पडायचे. गेल्या महिन्यात ते काम त्यानं तिच्यावर सोपवलं. तिनं चाकणचा प्लांट, भोसरीचं युनिट आणि तळेगावचं गोदाम यांना पत्त्यांच्या वेगवेगळ्या मोठ्या रेंज आखून दिल्या. कुठं आकडा अडला नाही की कुठं खोडाखोड झाली नाही.

"पहिलीच नोकरी ना तुझी?" सिद्धेशनं तेव्हा विचारलं होतं. "हात तर सराईत दिसतोय."

"कॉलेजात केलं होतं, दादा."

"कॉलेजात बारा कॉम्प्युटर असतात."

"बाराच होते."

"आणि रविवारी फोन बंद का असतो तुझा?"

"झोपते."

आता ती दिग्विजय सरांसमोर उभी राहिली. "सर, एक करून बघू? लोक यायला लागलेत. लॅपटॉपला वायर लावली की तो सर्व्हरकडे पत्ता मागतो. पण आधी जुनाच मागतो, मागच्या ठिकाणी मिळालेला. कॅन्टीनमध्ये माणूस रोजच्या खुर्चीकडे वळतो, तसं. ती खुर्ची आपल्याकडे नसली की सर्व्हर नाही म्हणतो आणि दुसरी देतो. तो नकार इथं दिसतो."

"म्हणजे कोण कुठून आलंय ते कळतं?"

"लॅपटॉप कुठून आलाय ते कळतं."

सरांनी खुर्ची पुढे ओढली. राग विसरून ते स्क्रीनकडे बघत राहिले. एका लॅपटॉपनं भोसरीचा पत्ता मागितला. दुसऱ्यानं तळेगावचा.

"हा कुठला?"

"घरातल्या राउटरचा. अकाउंट्सची मिनल. काल घरी वायर लावून काम केलेलं दिसतंय."

"मला तर सांगते, घरी नेटच नाही."

दाराशी सिद्धेश सकाळपासून पहिल्यांदा हसला.

मग एक ओळ उमटली. १०.४७.९६.१८. नकार.

वर्षालीनं माऊसवरचा हात उचलला. एकदा सिद्धेशकडे पाहिलं.

"हा, सर. लॅपटॉप परचेसच्या शेखरचा. आणि पत्ता कुरुळीच्या त्या कंपनीचा."

शेखर आला तो पान चघळतच. शनिवार-रविवार मोशीला मेव्हण्याकडे होतो, म्हणाला. लॅपटॉप बॅगेतून काढलाच नाही म्हणाला.

"मेव्हणा कुरुळीच्या कंपनीत राहतो का?" सरांनी स्क्रीनवरच्या ओळीवर बोट ठेवलं. "काल तुझी वायर त्यांच्या भिंतीला होती, शेखर. तुझा लॅपटॉपच सांगतोय."

शेखरनं ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. त्याचं चघळणं थांबलं.

"साहेब, त्यांनी मोठी पोस्ट देतो म्हटलं होतं," तो हळूच म्हणाला. "एवढं एकच ड्रॉइंग दिलं. आईशपथ."

सिक्युरिटीवाले त्याला घेऊन गेले. सरांनी खिशातून सिद्धेशचा पास काढला, स्वतः त्याच्या गळ्यात घातला आणि "चुकलं माझं," एवढंच बोलले. सिद्धेश वर्षालीच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. "वाचवलंस गं बाई," तो म्हणाला आणि बाहीनं तोंड पुसलं.

चहा आला. दिग्विजय सर अजून स्क्रीनसमोरच होते. त्यांना गंमत वाटत होती.

"एवढं आकड्यांचं रान, आणि तू बघताक्षणी ओळखलंस. १०.४७.९६ म्हणजे ते, होय ना?"

"९६ पासून १११ पर्यंत, सर," वर्षाली म्हणाली. अर्धवट उत्तर तिला चालत नसे, आणि आज तर ती खुशीत होती. "शॉप फ्लोअर, ऑफिस, गोदाम, सगळं त्यातच बसवलंय."

"वा. आता मलाही शिकव. इथं बसून दुसऱ्या कंपनीची रेंज ओळखायची कशी?"

"ओळखता येत नाही ना, सर. आतली रेंज बाहेरून कधीच दिसत नाही. ज्यानं तिथं जाऊन ती आखली, त्यालाच माहीत."

एवढं बोलून तिनं मान वर केली, तेव्हा खोलीत कुणीच स्क्रीनकडे बघत नव्हतं. सिद्धेशसुद्धा.