तिसरी हाक

"एका हाकंला ओ नको देव रं बाला. तिन्हीसांजंला तर नायच. दोन हाका कोनाच्या बी असतील, तिसरी मानसाची."

आईचा तीस वर्षांपूर्वीचा आवाज कानात उमटला आणि अल्पेशच्या बोटांतून स्क्रू निसटला. बदलापुरातली वैशाखाची दुपार. फरशीवर वर्तमानपत्र पसरलेलं. त्यावर कॉम्प्युटर पोट उघडं टाकून आडवा पडलेला. जुना पंखा काढून बाजूला ठेवला होता. त्याच्या पात्यांवर धुळीची लोकर साठली होती. प्रोसेसरवरची उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळून चुना झाली होती. ती तो आईच्या लुगड्याच्या चिंधीने पुसत होता.

हा पंखा फिरायचा कमी, ओरडायचा जास्त. अल्पेशची बायको जिज्ञासा घरी बसून लग्नाहळदीचे व्हिडिओ जोडायची. तासाभराची हळद एकदा मशीनवर टाकली की घरात गिरणी सुरू झाल्यासारखं व्हायचं. तिच्या खुर्चीपासून आठ हातांवर पडदा. पडद्यामागे आईची खाट.

आई, म्हणजे चिमीबाई, लग्नांतून धवले गाणारी. बांधावरून हाक मारली तर नदीपल्याडची गुरं माना वर करायची. अर्धांगाने एक बाजू गेली, तसा गळा आटला. गळा आटला, हाक उरली. सुनेला ती 'बाय' म्हणायची. पाण्यासाठी हाक, पडद्यासाठी हाक, दारात कोण आलं म्हणून हाक. जिज्ञासा दिवसातून वीस-वीस वेळा उठायची. तिन्हीसांजेला मात्र ती पहिल्याच हाकेला धावली तर म्हातारी रागवायची. स्वतः नेमाने तीन हाका मारायची, आणि तिसरीला ओ आली की बोळक्या तोंडाने हसायची. जिज्ञासा कल्याणची, शिकलेली. ती म्हणायची, भुताला तीनपर्यंत मोजता येत नाही होय, आई?

मार्गशीर्षातल्या एका तिन्हीसांजेला आई एकटीच मोरीकडे निघाली आणि उंबऱ्याशी पडली. अल्पेश अंबरनाथच्या कारखान्यातून आला, तेव्हा जिज्ञासा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. डोक्यात जीव नव्हता.

तेराव्याला पंगत उठल्यावर विठामावशीने विचारलंच. एवढी जवळ होतीस पोरी, हाक नाय आयकलीस? जिज्ञासाने तोंड उघडलं. पण तिच्याआधी अल्पेश बोलला. म्हणाला, मावशी, त्या पंख्यापुढे तोफ उडाली तरी ऐकू यायची नाही. जिज्ञासाने तोंड मिटलं. ते मिटलं ते मिटलंच. कामापुरतं बोलणं, कामापुरतं जेवण. रात्री पाठ करून निजणं.

अल्पेशचा जीव त्या पंख्यात अडकून राहिला. गणपतीतच जिज्ञासा म्हणाली होती, डोकं उठतं रे, हा पंखा बदल. त्याने ते पुढच्या महिन्यावर ढकललं. मग त्याच्या पुढच्या. एकदा ताटातल्या भाताकडे बघत तो म्हणाला होता की, आयेला मीच मारलं. जिज्ञासा अर्धं ताट उचलून आत निघून गेली होती. त्याला वाटलं, हिलाही तसंच वाटतंय.

शेवटी काल तो उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात गेला. सिंधी दुकानदाराने तांब्याच्या नळ्यांचा कूलर पुढ्यात ठेवला. नळीत थेंबभर पाणी असतं म्हणे. तापलं की वाफ होऊन वर चढतं, निवलं की पुन्हा खाली येतं. पंख्याला मग फार पळावं लागत नाही.

"अंदर ही अंदर सब सह लेता है, साईं," दुकानदार म्हणाला. "बाहर आवाज नहीं."

अल्पेशने नव्या पेस्टचा वाटाण्याएवढा ठिपका दिला. वर कूलर बसवला. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळले. वायर जोडली, झाकण लावलं आणि जिज्ञासाला हाक मारली. ती ओल्या हातांनी आली, पदराला हात पुसून खुर्चीत बसली आणि कालची अर्धी राहिलेली हळद तिने मशीनवर टाकली.

काहीच झालं नाही. म्हणजे काम सुरू झालं, स्क्रीनवरचा आकडा सरकू लागला, पण आवाज नाही. घरात भिंतीवरचं घड्याळ आहे हे अल्पेशला कितीतरी दिवसांनी कळलं.

तो उठला. पडद्यामागे गेला. रिकाम्या खाटेवर बसला आणि आईसारखा, तसाच आटलेला आवाज काढला.

"बाय."

पलीकडे काही हललं नाही.

"बाय."

त्याने पडदा सारला. जिज्ञासा पाठमोरी बसली होती. माउसवरचा हात तिथंच थिजला होता. ऐकू आलं का, त्याने विचारलं. तिने मान हलवली. आलं.

मग मात्र अल्पेशला राहवेना. तो खाली फरशीवरच बसला. म्हणाला, बघ, एवढंसं काम होतं. एका दुपारचं. दिवाळीआधी आणला असता तर तुला हाक ऐकू गेली असती आणि आये आज या खाटेवर असती. तू तोंडाने म्हणत नाहीस, पण मला कळतं. मीच मारलं तिला.

जिज्ञासाने खुर्ची त्याच्याकडे वळवली. कोसभर हंडा वाहून आलेल्या बाईसारखा तिचा चेहरा दिसत होता. हंडा उतरवायला कुणाचा हात लागत नाही, तेव्हा होतो तसा.

"अल्पेश, पंख्याला बोल नको लावूस. मला त्या दिवशी ऐकू आलं होतं, दोन्ही हाका. सकाळपासून उठून उठून पाय मोडले होते रे," ती म्हणाली. "मी तिसरीची वाट बघत बसले."