कानाआड

पाळण्यात लेक बारीक आवाजात किंचाळत होती आणि हातभर अंतरावर तिचा बाप निवांत पेपर वाचत बसला होता. साबणाचे हात तसेच घेऊन आई मोरीतून धावत आली.

"अहो, कान आहेत की भोकं? पोर कधीची रडतेय!"

"रडतेय? खरंच नाही गं ऐकू आलं."

"दारावरची थाप बरी ऐकू येते! लेकीचं रडणंच तेवढं कानाआड होतं."

सासूबाई गालात हसल्या. "अगं, पोर रडलं की बापांचे कान मिटतात. ह्याचे वडीलही तसलेच!"

तिला हसू आलं नाही. सात महिने हेच चाललं होतं. पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांच्या दणदणाटात आठ तास राबून येतात बिचारे, म्हणून तिनं बरंच पोटात घातलं होतं. पण सोंग तरी किती दिवस सोसायचं?

दुपारी त्याची कामाची बॅग धुवायला काढली, तर आतल्या कप्प्यात कारखान्यानं दिलेलं इयरप्लगचं पाकीट! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे घरात हे कानात कोंबून बसतात तर! आज मुद्देमालासकट जाब विचारायचा, म्हणून ती तरातरा निघाली आणि जाता जाता तिनं पाकीट उलटून पाहिलं.



त्यावर नऊ वर्षांपूर्वीची, तो कामाला लागला त्या महिन्याची तारीख होती, आणि पाकिटाचं सील अजून फुटलेलं नव्हतं.