पिसांचे गळ

नवरा कसला, दगड होता मेला! बोटीवर बायको लाटेनं चिंब होऊन कुडकुडायची, पण टॉवेल मिळायचा मासे भुलवायला पिसं बांधलेल्या गळांना. एकेक गळ तो गोड्या पाण्यात खळबळायचा, हलक्या हातानं टिपायचा आणि केबिनमध्ये वाऱ्यावर टांगायचा. एक जरी ओला डबीत गेला तरी सगळे गंजतील, म्हणून बायकोला बोटसुद्धा लावू द्यायचा नाही.

म्हातारपणी पक्षाघातानं आडवा झाल्यावर त्याचे नुसते डोळे हलायचे. म्हातारी त्याच्यासमोर फतकल मारून बसली. सगळे गळ तिनं मिठाच्या पाण्यात बुचकळले, निथळत असतानाच डबीत कोंबले आणि झाकण खटकन लावलं.

"डोळे काय वटारताय? उठा की, वाळवा!"