पडलेला भाव

"काका, पंधरा दिवस थांबलात तर तिकीट निम्म्यात होईल," दीपमाला म्हणाली. "फिरायलाच जायचंय ना? मग ऐन सुट्ट्यांत कशाला?"

सावळीराम टोपी मांडीवर घेऊन बसला होता. द्वारका चौकातल्या तिच्या चिंचोळ्या तिकीट ऑफिसात काच लावूनही बाहेरचे हॉर्न ऐकू येत होते.

"उद्याचंच बघा."

"उद्याचं एक आहे जरा स्वस्तात. पण कोलकात्याला रात्र काढावी लागेल. मुंबईहून सरळ जाणारं फारच महाग आहे."

"सरळ जाणारंच द्या."

दीपमालाने मान वर केली. या नवराबायकोला ती चांगली ओळखत होती. त्यांचा एकुलता एक साई अंदमानला एका हॉटेलात आचारी म्हणून गेला, तेव्हापासून दर दिवाळीला नवसाबाई इथे येऊन विमानाचा भाव विचारायची. विचारायची, तोंड वाकडं करायची आणि म्हणायची, "राहू द्या. पडला भाव की जाऊ." झेंडूचा भाव पाडून मागणाऱ्या व्यापाऱ्यांशी घासाघीस करण्यात तिची हयात गेली होती. चढ्या भावानं तिनं कधी मिठाची पुडी घेतली नव्हती.

"काय झालं, काका?"

"पोरगा दवाखान्यात हाय," सावळीराम म्हणाला. "गाडीवरून पडला. मशीनवर ठेवलाय. डॉक्टर म्हणत्यात, आईबापाला बोलावून घ्या." टोपीची घडी त्यानं उगाच पुन्हा घातली. "तिला काय बी ठाऊक नाय."

काल संध्याकाळी साईच्या खोलीतला प्रफुल्ल, नांदगावकडचा पोरगा, त्याचा फोन आला होता. तेव्हा सावळीराम मळ्यात एकटाच होता. पाटाच्या कडेला तो किती वेळ बसून राहिला, त्याचं त्यालाच कळलं नाही. मग त्याला नवसाबाई आठवली आणि तो उठला. तिचा भाऊ गेला तेव्हा ती चार दिवस अन्नाला शिवली नव्हती. पोराचं कळलं तर ती विमानात चढण्याआधीच संपेल. तिला दवाखान्याच्या दारापर्यंत धड न्यायचं, मग काय ते सांगायचं, एवढं एकच त्यानं मनाशी धरलं होतं.

"तुम्ही तिला फोन करा," तो दीपमालाला म्हणाला. "भाव पडलाय म्हणा. माझं ती खरं मानायची नाय. तुमचं मानंल."

दीपमालाने फोन लावला. आवाज हसरा ठेवायला तिला फार कष्ट पडत होते. पलीकडून नवसाबाईचा खणखणीत आवाज सावळीरामलाही ऐकू आला.

"किती पडला?"

दीपमालाने खोटा आकडा सांगितला.

"अजून थोडं कमी होईल का?"

"नाही हो काकू. हाच शेवटचा."

"मग काढून टाका. उद्या परत चढायचा. मधी कुठं थांबायचं नाय ना?"

"नाही, सरळ आहे."

"बरं झालं."

सावळीरामनं डोळे पुसले. मळ्याच्या नावावर सोसायटीतून उचललेली रक्कम त्यानं टेबलावर ठेवली आणि मोजायलाही न थांबता उठला.

घरी आला तेव्हा पिशव्या भरून दारात होत्या. नवसाबाई शेजारच्या साळूबाईला मोठमोठ्यानं सांगत होती, "विमानानं चाललो, बाई. समुद्र बघायचा. लय दिवसांचं मनात होतं." साळूबाई हसत होती. सावळीराम गोठ्याकडे गेला आणि गाईच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

साईला फोन लाव असं ती म्हणाली तर काय सांगायचं, हे त्यानं वाटेभर घोकलं होतं. पण तीच म्हणाली, "साईला कळवू नका. दारात जाऊन उभं राहू. बघू कसं तोंड करतो ते." देवानंच आपल्याला सोडवलं असं त्याला वाटलं.

त्याच संध्याकाळी मुंबईच्या वाटेवर घोटीला गाडी चहासाठी थांबली. नवसाबाईनं भाकरीचा तुकडा मोडून त्याच्यापुढे धरला.

"भूक नाय."

"खावा. गोळ्या घ्यायच्यात ना?"

मागच्या वर्षी त्याच्या छातीत स्प्रिंग बसवली होती, तेव्हापासून गोळ्यांचं तीच बघायची. तो मुकाट्यानं खाऊ लागला. ती बाहेरच्या भातखाचरांकडे बघत होती. भाताबद्दल, शेवंतीबद्दल, पाणी धरायला मागे ठेवलेल्या बारकूबद्दल ती बोलत राहिली. तिच्या प्रत्येक शब्दानं त्याला वाटत होतं, बिचारीचे हे शेवटचे सुखाचे तास आहेत. तिनं असंच बोलत राहावं. तोही मधेमधे हसला. एकदा तर त्यानं गाडीवाल्याला सांगितलं, "आमच्या हिला समुद्र बघायचाय."

पहाटे विमानतळावर नवसाबाई तोंड धुवायला गेली. सावळीरामनं घाईघाईनं प्रफुल्लला फोन लावला.

"दुपारपर्यंत येतो. कसाय?"

"तसाच आहे, काका."

"ऐक. हिला अजून ठाऊक नाय. लय आनंदात हाय. दवाखान्याच्या दारात मी सांगीन. तवर तू तिच्यापुढं रडू नको. तेवढं सांभाळ."

पलीकडून प्रफुल्लचा आवाज आला. तो रडतच होता.

"काका, माझ्याच्यानं आता दोन्हीकडचं सांभाळवत नाही. मी पहिला फोन काकूंनाच केला होता. त्या म्हणाल्या, 'आता त्यांना फोन कर. पण मला ठाऊक नाय असंच सांग. मला सांभाळायचं म्हटलं, म्हणजे ते कोसळायचे नायत.'"