डचेसला टेकडीवर कोण नेणार?

भोंगा वाजला आणि अख्खं गाव टेकडीच्या वाटेला लागलं. व्हर्न तोल्वानन मात्र ओसरीत खुर्ची टाकून कॉफी पीत बसला होता. चढणाऱ्यांना हात करत होता.

मारिट त्याच्या फाटकाशी थांबली. ती भूगर्भशास्त्रज्ञ. किनाऱ्यावरच्या गावांना भूकंपाची तयारी शिकवत फिरायची.

"आज नुसती तालीम आहे. पण खरा भूकंप झाला, की पंधरा मिनिटांत इथं लाट येईल. चला ना वर."

"वर काय आहे?"

"दफनभूमी."

"मग तिथं जायचंच आहे की, पोरी. घाई कसली?"

तिनं नकाशा दाखवला. तीनशे वर्षांपूर्वीच्या लाटेनं आणून टाकलेली वाळू बाटलीतून दाखवली.

"छान आहे. कुंडीत घालायला थोडी देतेस?"

ब्याऐंशी वर्षांचा खेकडे पकडणारा कोळी. बायको गेल्यापासून तो कशालाच घाबरत नव्हता, आणि मारिटला नेमकी या बेफिकिरीचीच भीती वाटायची.

"त्याला माझ्यावर सोड," शेजारची लेनोर म्हणाली. तिनं तीस वर्षं शाळेची बस चालवली होती.

पुढच्या तालमीच्या आदल्या दिवशी ती लंगडत व्हर्नच्या दारात उभी राहिली. हातात पिंजरा, पिंजऱ्यात गलेलठ्ठ पिवळी मांजर.

"माझे गुडघे गेलेत रे. मी कशीबशी चढेन, पण डचेसला कोण नेणार?"

"मला मांजरं आवडत नाहीत."

"तिलाही तू आवडत नाहीस. पण तिला पोहता येत नाही."

दुसऱ्या दिवशी व्हर्न शिव्या घालत टेकडी चढला. एकवीस मिनिटं लागली.

"बुडालात दोघंही," मारिट म्हणाली. त्याचा चेहरा पडला.

मांजर त्यानं परत दिलीच नाही. तिची सवय मोडेल म्हणाला. महिनाभर रोज संध्याकाळी तो पिंजरा घेऊन चढणीवर दिसायचा. पुढच्या तालमीला तेरा मिनिटांत वर पोचला. मारिटचे डोळे भरून आले.

"रडतेस काय? आकडा लिही," तो खेकसला, आणि डचेसला मासा भरवू लागला.

लेनोर कधीचीच वर येऊन उभी होती. तिला साधी धापही लागली नव्हती.

"गोड आहे हो तुमची मांजर," मारिट तिला म्हणाली. "किती वर्षं पाळलीय?"

लेनोर सटकन शिंकली आणि दोन पावलं मागं सरली.

"हळू बोल. मला मांजरांचं वावडं आहे. ही बंदराच्या धक्क्यावर हिंडत होती, तिथून पकडून आणली."