खिशातलं कार्ड

"बंद करा हे कार्ड, मॅडम. चोर घरातलाच हाय." धोंडबाने डेबिट कार्ड काउंटरवर आपटलं.

इंदोऱ्यातल्या त्या बँकेत रांगेतली माणसं वळून बघू लागली. मागे उभ्या असलेल्या मेघाने, त्याच्या सुनेने, पदर सावरला. तिच्या पायाशी कपड्यांची पिशवी होती. बँकेतून निघालं की तिने कुहीला, माहेरी जायचं. धोंडबाने सकाळीच तसं फर्मावलं होतं. नवरा प्रशिक मौद्याच्या वीज केंद्रात पाळीवर होता. त्याला अजून काहीच ठाऊक नव्हतं.

"कार्ड तर तुमच्याकडेच आहे, बाबा," काउंटरवरच्या कामिनी मॅडम म्हणाल्या.

"तेच तर! माह्या खिशातून काढते, काम झालं का गुपचूप ठेवून देते."

"पण पिनशिवाय पैसे निघत नाहीत. पिन कोणाला सांगितला होता?"

"मेलो तरी नाही सांगणार. घरवाली जिती होती तवा तिले नाही सांगितला. हिनं एटीएमवर मागून पाहिला असन."

"मामाजी, मी तिथं कधी आलीच नाही," मेघा हळूच म्हणाली.

"मंग उडत आली असशीन! शिलाई मशीन पाहिजे होती ना वं तुले?"

रांगेत कोणीतरी फिदकन हसलं. मेघाची मान खाली गेली. वाऱ्याने नव्हे, भाराने कणीस वाकावं तशी.

बाकावर बसलेला संघपाल उठला. हा धोंडबाचा लहानपणापासूनचा सोबती. बुद्धविहारातून दोघं संगतीने निघत, कधीकधी संगतीनेच एटीएमला जात, आणि एकच चहा दोघांत पीत.

"हळू बोल गा. लोकाची लेक हाय ती."

"तू मधात नको बोलू. मले का समजत नाही? म्या पैसे काढले तर फोन मुका. अन् घरी जेवून राहिलो का वाजते, पैसे निघाले म्हणून!"

कामिनी मॅडमचा हात थांबला. त्यांनी कार्डावरचा नंबर पडद्यावरच्या नंबराशी ताडून पाहिला. पुन्हा पाहिला.

"बाबा, हे कार्ड तुमच्या खात्याचं नाही."

"मंग कोणाचं?"

"संघपाल रामटेके कोण?"

संघपालने गोंधळून सदऱ्याच्या खिशातून आपलं कार्ड काढलं. तोच रंग, आणि नाव दोन्हींवर कोणाचंच नाही. मॅडमनी तेही तपासलं.

"हे तुमचं, धोंडबा. कुठंतरी अदलाबदल झाली. इतके दिवस तुम्ही यांचे पैसे काढत होता, आणि हे तुमचे."

"मलेही मेसेज येत होते गा," संघपाल पुटपुटला. "पण घरातल्या कोणाले चोर म्हणू? गप्प राहिलो."

धोंडबाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. मेघाकडे बघायला मान वळेना. बुडत्याने काठाचं गवत धरावं तसा तो बोलला, "खोटं हाय! कार्ड याचं, तर त्यावर माहा पिन चालला कसा? माह्या मनातला पिन याले कोण सांगन?"

संघपालने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तूही दीक्षेचंच साल टाकतो काय गा?"