यंत्रपंथाचा पुजारी

सिटी सेंटरच्या फ्लॅटात अश्लेषा आणि तिचा मित्र विहंग टेबलावर दूरच्या भविष्यातल्या साम्राज्याच्या युद्धाचा पटावरचा खेळ खेळत होते. एक भिडू कमी, म्हणून तिनं आपल्या बुजऱ्या गोपाळआजोबांना स्वतःच्या बाजूनं यंत्रपूजक पंथाचा पुजारी केलं होतं. विहंगची तोफ तिच्या शेवटच्या यानावर रोखलेली. "आजोबा, तुमची बारी! नाहीतर मेलो!" ती किंचाळली. आजोबा चाचरले. "विहंग, तुझे सैनिकही आमच्याच पंथाचे ना?" "एकदम कट्टर!" आजोबांनी समोरच्या बशीतल्या पोह्यांतला डाळिंबाचा दाणा प्लॅस्टिकच्या तोफेवर हळूच ठेवला. "मग मी तोफेची पूजा मांडली. पूजेतलं यंत्र उत्तरपूजेपर्यंत चालवायचं नसतं." विहंगनं नियमांचं पुस्तक भराभर चाळलं. आजोबांचे कान तापले. उगीच बोललो का? "लिखा तो है," विहंग कपाळावर हात मारत म्हणाला. "पर उत्तरपूजा कब?" आजोबांना आवाज सापडला. "पुजारी मी. आमचं यान निसटलं की लगेच!"